मैदानावरची क्रूसाची खूण



३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री आपल्यापैकी पुष्कळ जण उशिरापर्यंत जागे होते. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया, जिंकायला ३३९ धावा, आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद. सामना संपल्यावर ती रडली आणि माईक हाती येताच तिने सर्वांत आधी प्रभू येशूचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा संपायच्या आत ती चित्रफीत धर्मग्रामातल्या बहुतेक मोबाइलवर पोचली होती. आम्हाला ती अकरा जणांनी पाठवली.

आनंद झाला, तो लपवण्याचे कारण नाही. पण त्या चित्रफितीखाली लोकांनी जे लिहिले होते, ते वाचून आम्ही विचारात पडलो. काहींना तिने येशूचे नाव घेणे खटकले होते. देशासाठी खेळताना मध्ये धर्म कशाला, असा त्यांचा सूर. आणि आपल्या बाजूने काय होते? ‘बघा, आमची मुलगी!’ ‘आता बोला!’ आता बोला, हे कोणाला उद्देशून? तिने देवाचे आभार मानले होते. आपण तेच आभार उचलून शेजाऱ्याच्या अंगावर फेकत होतो.

म्हणून आज थोडा वेगळा विषय घेत आहोत. खेळाडू मैदानावर क्रूसाची खूण करतो, कोणी सजदा करतो, कोणी मातीला हात लावून कपाळाला लावतो. ही खूण कोणाची असते? करणाऱ्याची की पाहणाऱ्याची? आणि पाहणारा चिडला, तर दोष कोणाचा?

या प्रश्नाची सर्वांत जुनी जखम स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात आहे. तेथे फुटबॉलचे दोन मोठे क्लब आहेत. रेंजर्स १८७२ चा. सेल्टिकची स्थापना १८८७ साली मारिस्ट संघाच्या ब्रदर वॉलफ्रिड यांनी सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात केली. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या गरीब कॅथलिक कुटुंबांच्या मुलांना सामन्यांच्या उत्पन्नातून जेवण मिळावे, हा हेतू. (फुटबॉल क्लब एका धर्मबंधूने काढला, यावरून आमच्या युवक मंडळाने लगेच काही निष्कर्ष काढू नये.) पुढे रेंजर्स प्रोटेस्टंटांचा आणि सेल्टिक कॅथलिकांचा अशी वाटणी शहरात घट्ट बसली. रेंजर्सने कित्येक दशके जाणूनबुजून कॅथलिक खेळाडू घेतले नाहीत. सेल्टिकचे तसे नव्हते. १९६७ साली त्यांनी युरोपियन कप जिंकला तेव्हाचे त्यांचे प्रशिक्षक जॉक स्टीन हे प्रोटेस्टंट होते. पण पाठीराख्यांच्या तोंडची गाणी दोन्हीकडे सारखीच विखारी राहिली.

१९८६ च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिकच्या मो जॉन्स्टन या खेळाडूला पंचांनी बाहेर काढले. मैदान सोडताना त्याने क्रूसाची खूण केली. ती प्रार्थना होती की रेंजर्सच्या प्रेक्षकांना चिमटा? त्या दिवशी बहुतेकांनी ती चिमटा म्हणूनच घेतली. तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, हाच जॉन्स्टन रेंजर्सकडून खेळायला गेला. रेंजर्सच्या काही पाठीराख्यांनी संतापून आपल्या क्लबचे मफलर जाळले, कारण कॅथलिक घेतला. सेल्टिकच्या पाठीराख्यांनी त्याला यहुदा ठरवले. माणूस तोच, त्याचा बाप्तिस्मा तोच. दोन्हीकडच्यांना त्याच्या श्रद्धेशी काही घेणे नव्हते. तो कोणाचा, एवढेच हवे होते.

फेब्रुवारी २००६ मध्ये सेल्टिकचा पोलिश गोलरक्षक आर्तुर बोरुच याने रेंजर्सच्या मैदानावर क्रूसाची खूण केली. पोलंडमध्ये वाढलेल्या मुलाला ती श्वासाइतकी सवयीची. प्रेक्षकांत गोंधळ झाला, पोलिसांकडे तक्रार गेली आणि ऑगस्टमध्ये सरकारी वकिलांच्या कार्यालयाने त्याला शांतताभंगाबद्दल ताकीद दिली. स्कॉटलंडमधल्या आपल्या धर्मसभेने नाराजी व्यक्त केली. तेव्हा त्या कार्यालयाने खुलासा केला की क्रूसाची खूण हा गुन्हा नाही. आक्षेप होता तो तिच्यासोबत प्रेक्षकांकडे पाहून केलेल्या हावभावांना. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, रेंजर्सला हरवल्यावर याच बोरुचने आतला शर्ट दाखवला. त्यावर पोप जॉन पॉल दुसरे यांचे चित्र होते. पोप महाशयांना त्या दिवशी कोणाविरुद्ध उभे केले गेले, याचा विचार आम्हाला आजही अस्वस्थ करतो.

हे सारे गमतीचे वाटत असेल तर एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९९५ साली सामना पाहून घरी चाललेल्या सेल्टिकच्या सोळा वर्षांच्या पाठीराख्याचा ग्लासगोच्या रस्त्यावर गळा चिरला गेला. पुढे २०१२ मध्ये स्कॉटलंडमध्ये अशा द्वेषासाठी खास कायदा आला आणि २०१८ मध्ये तो रद्दही झाला, कारण कोणते गाणे श्रद्धेचे आणि कोणते शिवीचे, हे कलमात बसवणे अवघड गेले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस आम्हाला फार कोरडे वाटत. ग्लासगोच्या निमित्ताने ते पुन्हा काढून वाचले. कोणत्याही कृतीची नैतिक किंमत ठरवताना ते तीन गोष्टी पाहायला सांगतात : कृती स्वतः कशी आहे, ती कोणत्या हेतूने केली, आणि कोणत्या परिस्थितीत केली. क्रूसाची खूण ही कृती चांगलीच आहे. पण चांगली कृती वाईट हेतूने केली की ती नासते. दूध चांगले असले तरी भांडे आंबट असून चालत नाही.

एवढ्यावर भागत नाही. समजा हेतू शुद्ध आहे आणि तरी समोरचा चिडला, तर? संत थॉमस येथे अडखळणीचे दोन प्रकार करतात. एक अडखळण दुबळ्याची. त्याला माहीत नसते, त्याला लहानपणापासून चुकीचे सांगितलेले असते, म्हणून तो आपल्या चांगल्या कृतीने ठेचाळतो. दुसरी परुश्यांची. त्यांना सारे ठाऊक असते, तरी मनात द्वेष असल्यामुळे ते मुद्दाम ठेचाळतात. प्रभू येशूंनी परुश्यांच्या अशा रागाची पर्वा केली नाही. आपणही ती करू नये. दुबळ्याच्या बाबतीत मात्र थॉमस म्हणतात, थांबा. जे तारणासाठी अत्यावश्यक नाही, ते थोडे बाजूला ठेवा किंवा आडोशाला करा, त्याला अर्थ समजावून सांगा, मग करा. समजावल्यावरही तो चिडत राहिला, तर त्याचा राग दुसऱ्या प्रकारात जातो.

संत पौलाने करिंथच्या भाविकांना मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसाबद्दल लिहिले, ते याच वाटेने जाते. मांस खाण्याचा हक्क आहे हे त्यांना मान्यच होते. तरी भावाला ठेच लागत असेल तर आपण ते कायमचे सोडू, असे ते म्हणतात. पेनल्टी मारण्यापूर्वीची क्रूसाची खूण तारणासाठी अत्यावश्यक आहे काय? नाही. (आणि समोरच्या गोलरक्षकानेही क्रूसाची खूण केली असेल, तर प्रभूने कोणाचे ऐकावे, हा पोट्ट्यांचा आवडता प्रश्न आहे. आमचे उत्तर : चेंडू कोठे जावा हे मागू नका, आपण कसे खेळावे हे मागा.)

मग हेतू तपासायचा कसा? माणूस स्वतःलाही फसवतो. आम्हाला एक साधी कसोटी २०२० ने दिली. साथीच्या दिवसांत युरोपातले सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. एकही प्रेक्षक नाही, खुर्च्या ओळीने रिकाम्या, आणि तरी कित्येक खेळाडू मैदानात शिरताना पूर्वीसारखीच क्रूसाची खूण करत होते, कोणी तळवे वर करून दुवा मागत होते. ज्यांची खूण रिकाम्या मैदानातही होते, ती देवाकडे वळलेली आहे, असे म्हणायला हरकत नाही. प्रेक्षकांशिवाय जी सुचतच नाही, तिचा पत्ता दुसराच असतो.

आता पाहणाऱ्याकडे वळू, कारण आपण बहुतेक जण पाहणारेच असतो. मे १९९९ मध्ये विश्वचषक चालू असताना सचिन तेंडुलकरचे वडील, प्राध्यापक रमेश तेंडुलकर वारले. सचिन मुंबईला आला, परत इंग्लंडला गेला, केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या आणि शतक होताच त्याने आकाशाकडे पाहिले. त्यानंतर प्रत्येक शतकाला तो वर पाहत राहिला. कोणी विचारले नाही की हा कोणत्या देवाला पाहतो. घरातल्या आजीलासुद्धा ठाऊक होते की पोरगा बापाला शोधतो आहे. खूण अचूक वाचली गेली, कारण माणूस ओळखीचा होता.

याच्या उलट २ नोव्हेंबर २०२३ चा वानखेडेवरचा सामना. मोहम्मद शमीने श्रीलंकेचे पाच बळी घेतले, विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक बळी त्याच्या नावावर झाले आणि तो क्षणभर गुडघ्यांवर बसला. तेवढ्यावरून देशभर आणि सीमेपलीकडेही तर्क सुरू झाले की त्याला सजदा करायचा होता, पण तो घाबरून थांबला. नंतर शमीने स्वतः सांगितले की तो दमला होता. सजदा करायचा असता तर त्याला कोण अडवणार होते, तो मुसलमान असल्याचा आणि भारतीय असल्याचा त्याला अभिमान आहे. न केलेल्या खुणेचाही खुलासा एका माणसाला द्यावा लागला. तेंडुलकरला तो कधी द्यावा लागला नाही. दोघेही भारताचेच खेळाडू. मग हा फरक कोठून आला, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी प्रामाणिकपणे पाहावे. आणि कोणी म्हणेल, मुसलमान खेळाडूचे काय ते त्यांचे ते पाहतील, तर त्याने जेमिमाच्या चित्रफितीखालचे शब्द पुन्हा एकदा वाचावेत.

‘त्यांचे’ आणि ‘आमचे’ ही भाषा आपल्या महाराष्ट्रात मैदानावर उघडपणे छापलेली होती, हे आजच्या मुलांना माहीत नाही. मुंबईत १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तीन संघ स्पर्धेत खेळत. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला. १९३७ मध्ये पाचवा संघ आला. ख्रिस्ती, ज्यू वगैरे जे कोणत्याच खान्यात बसत नव्हते, त्यांचा. त्याचे नाव होते ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले. आपण त्या स्पर्धेत उरलेले होतो.

त्या उरलेल्यांत सांगलीत जन्मलेला एक मराठी ख्रिस्ती फलंदाज होता, विजय हजारे. डिसेंबर १९४३ चा अंतिम सामना, ब्रेबॉर्न स्टेडियम. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला. फॉलोऑननंतर हजारे उभे राहिले आणि संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने काढल्या. त्यांचे बंधू विवेक यांनी दुसरे टोक धरून ३०० धावांच्या भागीदारीत २१ केल्या. तरी रेस्टचा एक डाव आणि ६१ धावांनी पराभव झाला. हे वाचताना छाती फुगते, आमचीही फुगली. पण थोडे थांबून पाहिले तर त्या संघरचनेत हजारे यांची प्रत्येक धाव ख्रिस्ती धाव होती आणि मर्चंट यांची प्रत्येक धाव हिंदू. हजारे यांना क्रूसाची खूण करण्याची गरजच नव्हती. संघाचे नावच खूण होते. गप्प उभा राहिलेला क्षेत्ररक्षकसुद्धा कोणाच्या तरी विरुद्ध उभा होता.

आणि जे ‘आपले’ म्हणून संघात घेतले, त्यांना तरी तो संघ आपला म्हणत होता काय? हिंदू संघाचे सर्वोत्तम गोलंदाज बाळू पालवणकर चर्मकार समाजातले. त्यांना कर्णधारपद कधी मिळाले नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना ते मिळायला १९२३ साल उजाडावे लागले.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे लोक गांधीजींचे मत विचारायला आपल्या विदर्भातच, वर्ध्याला आले होते. गांधीजींनी सांगितले की महाविद्यालयांचे, संस्थांचे संघ समजू शकतात, पण हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ कशासाठी, हे आपल्याला कधीच समजलेले नाही. स्पर्धा त्यानंतरही काही वर्षे चालली, गर्दीही होत राहिली. १९४६ नंतर ती भरली नाही. हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. आज देशातली एक मोठी स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते, आणि खेळणाऱ्या बहुतेकांना ते ख्रिस्ती होते हे माहीतही नसते. आम्हाला हे विस्मरण मुळीच खुपत नाही.

आता आपल्या पठारावर येऊ. दिवाळीनंतर ढग हटले की टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. परतवाड्याचे संघ वर येतात, सेमाडोहचे, धारणीचे येतात. यंदा युवक मंडळातल्या काही मुलांनी सुचवले आहे की संघाच्या जर्सीवर छातीवर मोठा क्रूस छापावा. उत्साह चांगला आहे, आणि मुलांना क्रूसाची लाज वाटत नाही याचे आम्हाला समाधान आहे. पण संघाची यादी पाहावी. अकरांत आपल्या धर्मग्रामाचे पाच. चार जण शेजारच्या पाड्यावरचे कोरकू, त्यांच्या घरी त्यांचे देव आहेत. एक हिंदू. यष्टिरक्षक मुसलमान, आणि त्याच्याशिवाय गेल्या वर्षी आपण पहिल्याच फेरीत घरी आलो असतो. त्या सहा जणांनी तो क्रूस छातीवर घालून झेल घ्यावेत काय? त्यांना कोणी विचारलेले नाही. आणि ते भिडेखातर हो म्हणाले, तर तो क्रूस त्यांच्यासाठी कोणती सुवार्ता ठरेल? फुटबॉलच्या नियमांतसुद्धा पोशाखावर धार्मिक घोषणा किंवा चित्र चालत नाही. हाताने केलेल्या खुणेला मात्र बंदी नाही. आम्हाला हा भेद शहाणपणाचा वाटतो. कापडावरची खूण सगळ्या संघाची होते, हाताची ज्याची त्याची राहते.

याच विषयावर एका मातेने मिस्सानंतर आम्हाला वेगळाच प्रश्न विचारला. मुलगा गोलंदाजी करण्यापूर्वी क्रूसाची खूण करतो. हल्ली लोक काहीबाही बोलतात, तिकडून आरडाओरडा होतो. त्याला करू नको म्हणून सांगू काय? तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती भीती खोटी नाही. पण आमचे उत्तर : सांगू नका. इसवी सन २०० च्या सुमारास टर्टुलियन या लेखकाने नोंदवले आहे की त्या काळचे ख्रिस्ती लोक घराबाहेर पडताना, जेवायला बसताना, दिवा लावताना कपाळावर क्रूसाची लहानशी खूण करत. तो काळ ख्रिस्ती असणे जिवावर बेतण्याचा होता. खूण कपाळावर अंगठ्याने करण्याइतकी लहान, पण ती सोडली नाही. मुलानेही सोडू नये. भीतीने सोडलेली खूण आणि प्रेमाने बाजूला ठेवलेली खूण बाहेरून सारखी दिसतात, आतून नाहीत.

मात्र त्याने एक करावे, आणि ते आम्ही त्याला समक्षही सांगितले आहे. आपल्या कोरकू सोबत्यांना आणि त्या यष्टिरक्षकाला ती खूण म्हणजे काय, हे एकदा नीट सांगावे. कपाळ, छाती, दोन्ही खांदे. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. आणि मैदानात शिरताना ते मातीला हात लावून कपाळाला का लावतात, हेही त्यांना विचारावे. बळी घेतल्यावर बाद झालेल्या फलंदाजाकडे पाहून खूण करू नये. षटकात चार चौकार बसले तर करावी, तेव्हा तिची खरी गरज असते.

जर्सीबद्दल आमचे मत असे की छातीवर गावाचे नाव असावे. चिखलदरा हा शब्द लहान मुलांच्या मापात मावत नाही, अशी शिंप्याची तक्रार आहे. अक्षर बारीक करावे. रंगावरून निळा की पिवळा असा वाद चालू आहे, त्यात आम्ही पडणार नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर युवक मंडळाची सभा आहे. संघातल्या अकराही जणांना बोलवावे, चहा धर्मग्रामातर्फे आहे.

आपले
धर्मगुरू